शिळं पाणी

आमच्या गिरगावातल्या चाळीत सकाळी नळाला पाणी आलं, की आदल्या दिवशीचं शिळं म्हणून आम्ही सगळ्या मोरीत ओतून द्यायचो. शेजारच्या काकू मात्र ते पिंपांत साठवायच्या. “पाणी काय भात आहे, आंबायला?” म्हणून फणकारायच्या. मी गालातल्या गालात हसायचे.

यंदा पाणीकपात लागली आणि एके सकाळी नळ कोरडाच राहिला. काकूंनी पदर खोचला, मजल्यावरच्या प्रत्येक दारात एकेक बादली ठेवली. माझ्या दाराशी थबकून म्हणाल्या, “शिळं आहे हो. चालेल ना?”

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. काकू गॅलरीत कान देऊन उभ्या होत्या. एकाही मोरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला नाही.