नकाशावरची मावशी

रेवा उरणच्या कोळीवाड्यात वाढली. आई लवकर गेली, तेव्हा कमळामावशीने तिला आपल्या घरी आणलं. मावशी सकाळी धक्क्यावर मासळी घ्यायची, दुपारपर्यंत विकायची आणि संध्याकाळी रेवाचा अभ्यास चालला की शेजारी सुकट निवडत बसायची. रेवा शिकली, बँकेत लागली, दीपेशशी लग्न करून नवीन पनवेलला आली. सोसायटीत कुणी माहेर विचारलं तर ती उरण एवढंच सांगायची. अजून कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, वडील बंदरात होते. ते खोटं नव्हतं. ते मासेमारीच्या होडीवर होते, एवढंच ती गाळायची.

गेल्या वर्षी मावशीचा फोन आला. "उरणला आता गिऱ्हाईक नाय गो. तुज्याच पनवेलला येते बसनं."

"येते मी भेटायला," रेवा म्हणाली.

ती गेली नाही. एकदा रिक्षातून तिने मावशीला आपल्याच सेक्टरच्या कोपऱ्यावर, फुटपाथवर आणखी काही कोळणींसोबत पाटी मांडून बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीने स्टेशनला जायला लागली.

मग सेक्टरमध्ये एक फेरी निघाली. शहराच्या नव्या आराखड्यात रहिवाशांचं म्हणणं यावं म्हणून एका संस्थेने ती ठरवली होती. अनुष्का नावाची तरुण आर्किटेक्ट पुढे होती. सगळ्यांनी मिळून रस्ते चालत बघायचे, जिथे बरं वाटेल तिथे नकाशावर हिरवा ठिपका चिकटवायचा, जिथे त्रास होतो तिथे लाल. रेवाचं बोलणं स्वच्छ, अक्षर सुंदर, म्हणून नकाशा आणि ठिपके तिच्या हातात आले. गटारांची तुटलेली झाकणं, अंधारे कोपरे, शाळेसमोरचं पार्किंग, तिने सगळं उत्साहाने नोंदवलं. फेरी कोपऱ्याकडे वळली तेव्हा तिला मागे राहायचं होतं, पण नकाशा तिच्याकडे होता.

"इथे लाल लावाच," सत्यजीत म्हणाला. तो रेवाच्या सोसायटीचा सेक्रेटरी. "सकाळी वॉकला निघालं की हा वास. चालायला जागा नाही."

मावशीने मान वर केली. तिचा चेहरा उजळला. "रेवा, तू गो?"

सगळे रेवाकडे बघायला लागले. अनुष्काने विचारलं, "तुम्ही ओळखता यांना?"

"मासे घेते ना मी कधीतरी," रेवा म्हणाली.

मावशी पाटीवर पाणी शिंपडत म्हणाली, "हां, गिऱ्हाईक हाय आमची."

रेवाने लाल ठिपका काढला आणि नकाशावर लावला. बोटाला चिकटून बसला होता, दोनदा दाबावा लागला.

घरी आल्यावर तिने ताट न जेवताच बाजूला सारलं. दीपेशला सगळं सांगितलं तेव्हा त्याने ते परत तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "तिने सांभाळून घेतलं तुला." तो रागावला असता तर रेवाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर जाऊन मावशीशेजारी उकिडवी बसली. काय बोलायचं ते येता येता ठरवलं होतं, पण मावशीनेच बोलणं काढलं.

"मागच्या गल्लीनं जातेस ना? मी बगते रोज. लांबून पन तुजी चाल कळते मला."

रेवाची मान खाली गेली.

"त्यो लाल कागुद कशाला व्हता?"

"इथून उठवायचं म्हणून," रेवा कसंबसं म्हणाली.

"मग आदी सांग हां. दुसरीकडं बसायची जागा बगायला लागंल." मावशी गिऱ्हाइकासाठी सुरमई कापायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तो शोधत रेवा तिथे बराच वेळ बसून राहिली.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. भिंतीवर नकाशा लावला होता. सत्यजीत कोपऱ्याबद्दल बोलायला उठला तेव्हा रेवाही उठली.

"तिथे बसते ती माझी मावशी आहे. तिने मला वाढवलं. त्या दिवशी मी तुमच्यासमोर तिला ओळख दाखवली नाही, आणि तो लाल ठिपका मी लावला."

सत्यजीत पुटपुटला, "अहो, पर्सनली तुम्हाला काही म्हणायचं नव्हतं." मागून कुणीतरी म्हणालं, वास तर येतोच ना. तेही खरं होतं. शेवटी अनुष्का म्हणाली, "त्या बायकांना आपण फेरीला बोलावलंच नव्हतं."

पुढची फेरी दुपारी, मासळी संपल्यावर निघाली. मावशी आणि तिच्या सोबतिणी पदर खोचून पुढे चालल्या. त्यांनी नळ मागितला, सांडपाण्याला वाट मागितली आणि जवळपास संडास नसल्यामुळे आपण दिवसभर पाणी पीत नाही, हे सांगितलं. सत्यजीतने ते लिहून घेतलं. फुटपाथ सोडून मैदानाच्या कडेला मासळी विकायच्या ओट्याची जागा आराखड्यात सुचवली गेली. मंजुरी अजून आलेली नाही. बायका फुटपाथवरच बसतात.

रेवा आता कोपऱ्यावरूनच स्टेशनला जाते. थांबते, मावशीशी बोलते. पण सोसायटीतलं कुणी जवळून जात असलं की "मावशी" म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली येतो. तो खाली आल्याचं तिला कळतं. मावशीलाही कळतं. मग मावशी उगाच पाटीतले बोंबील सारखे करत बसते, आणि रेवा तोच शब्द पुन्हा, जरा मोठ्याने म्हणते.