चौथी पट्टी

नॉरफोकच्या ग्रॅनबी रस्त्यावर आउटन यांचं शिवणकामाचं दुकान होतं. नौदलाच्या अधिकाऱ्यांचे गणवेश तिथं शिवले जात. दुकानाच्या तळघरात, पिवळ्या दिव्याखाली बसून, लव्हिनिया टेटम अठ्ठावीस वर्षं कोटांच्या बाह्यांवर सोनेरी जरीच्या पट्ट्या लावत होती. बाई विधवा, बोलणं बेताचं. टाका मात्र असा, की बाही उलटून पाहिली तरी सापडू नये.

पट्ट्यांवरून हुद्दा ओळखायचा, आणि हुद्द्यांची सगळी कुळकथा तिला थोरल्या आउटनांकडून ऐकून पाठ झाली होती. राजाला हाकलून दिलेल्या या देशाला 'ॲडमिरल' या शब्दात राजवाड्याचा वास येई, म्हणून कितीतरी वर्षं कॅप्टनपाशीच शिडी संपायची. मग आपसातलं युद्ध पेटलं तेव्हा रिअर ॲडमिरल आले, त्यांच्यामागून व्हाइस ॲडमिरल, मग ॲडमिरल. पुढे एकाच माणसासाठी त्याहून मोठा हुद्दा काढला, तो त्याच्याबरोबरच मातीत गेला. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात पाच ताऱ्यांचा हुद्दा निघाला. खाली एक रुंद पट्टी, वर चार अरुंद. साऱ्या देशात चौघांनाच तो मिळाला. त्याची नमुन्याची बाही लव्हिनियानं शिवली होती. दुकानाच्या काचेत ती अजून होती, आणि खाली चिठ्ठी होती, 'थोरल्या आउटनांच्या हातची'. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

एकोणसाठ साली दुकानात झुंबड उडाली. युद्धात शौर्याची नोंद असलेला कॅप्टन निवृत्त होताना रिअर ॲडमिरल होई. पगार वाढत नसे, हुकूम चालत नसे. नाव मात्र कार्डावर आणि पुढे थडग्यावर कोरता येई. लोक त्यांना थडग्याचे ॲडमिरल म्हणत. ही पद्धत एक नोव्हेंबरला बंद होणार होती, म्हणून कॅप्टनांची रांग लागली.

वरच्या मजल्यावर खिडकीपाशी मुख्य शिवणकारणीची खुर्ची रिकामी होती. लव्हिनियाचे डोळे दिव्याखाली पाणावू लागले होते. उजेड मिळाला असता तर आणखी दहा वर्षं ती जरीचं काम करू शकली असती. आता दुकान पाहणारे धाकटे आउटन म्हणाले होते, ऑक्टोबर निभावून ने, खुर्ची तुझी.

"आपल्याला थडग्यावर नको गं बढती," शेजारी शिवायला बसणारी बर्निस म्हणायची, "जिवंतपणी बूड टेकायला मिळालं तरी पुरे."

काम सोपं दिसे. कॅप्टनच्या चार अरुंद पट्ट्या. खालच्या तीन उसवल्या की त्या जागी रुंद पट्टी अगदी बरोबर बसे. चौथी तिथंच राहिली तरी चाले. पण आउटनांकडे रीत अशी, की चौथीही नवीच लावायची. जुनी पट्टी नव्या जरीशेजारी काळवंडलेली दिसते, आणि कालचा कॅप्टन ओळखू येतो.

कॅप्टन हॅरलन प्रुइट एकटेच तळघरात आले. कोट तिच्या मांडीवर ठेवून ते हळूच म्हणाले, "बाई, डाव्या बाहीची वरची पट्टी राहू द्या. ओकिनावाला जहाज बुडालं तेव्हा ती माझ्या अंगावर होती. एकाहत्तर पोरं गेली माझी. दोन कोटांवरून काढून या कोटावर घेतलीय ती."

तिनं राहू दिली. तीस वर्षांच्या जवळपासच्या नोकरीत दुकानाची रीत तिनं मोडली ती तेवढीच.

गुरुवारी कॅप्टन बायकोला घेऊन कोट न्यायला आले. कॉन्स्टन्सबाईंनी बाही खिडकीच्या उजेडात धरली. लव्हिनियाला वर बोलावणं गेलं.

"ही काय शेवाळ धरलेली पट्टी?" बाई म्हणाल्या. "शनिवारच्या मेजवानीत सगळ्यांना दाखवू का, की हे सकाळपर्यंत कॅप्टनच होते म्हणून?"

"साहेबांनीच ठेवायला सांगितली होती," लव्हिनिया म्हणाली.

"हॅरलन, तू सांगितलंस?"

कॅप्टन हातमोज्याचं एकेक बोट नीट ओढून बसवत होते. "मला नाही आठवत," ते म्हणाले. "दिव्याखाली बाईंना दिसलं नसेल."

आउटनांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ते पाहणं तिला समजलं.

त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीत बसून तिनं चौथी पट्टी उसवली आणि नवी लावली. अठ्ठावीस वर्षांत त्या खुर्चीत ती तेवढी वीस मिनिटं बसली. जुन्या जरीचे तुकडे वितळवायच्या डब्यात टाकायचे असत. तिनं ती पट्टी ॲप्रनच्या खिशात घातली. जाता जाता कॅप्टन मागे वळतील, तेव्हा देऊ, असं तिच्या मनात होतं. ते वळले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी आउटनांनी सगळ्यांना वर बोलावलं. केक होता, कॉफी होती. आजपासून लव्हिनिया आमची मुख्य शिवणकारीण, असं त्यांनी जाहीर केलं, टाळ्या झाल्या. सोमवारपासून मात्र तिनं घरी बसून आराम करायचा, डोळ्यांना जपायचं.

"आणि खुर्ची?" तिनं विचारलं.

"अगं, या कॅप्टन लोकांना तरी ॲडमिरल होऊन जहाज कुठं मिळतं?" आउटन हसत म्हणाले. सगळे हसले. बर्निस हसली नाही, पण केकचा तुकडा तिनंही खाल्ला.

मार्चमध्ये लव्हिनियाच्या दारात प्रुइट उभे राहिले. टोपी हातात, चेहरा उतरलेला. दुकानातला डबा केव्हाच वितळवायला गेला, असं त्यांना कळलं होतं. तरी विचारून पाहावं म्हणून पत्ता काढत आले होते. "ती पट्टी, बाई. तुमच्याकडे राहिली असेल का?"

शिवणाची पेटी टेबलावर उघडीच होती. बोटात घालायच्या अंगुस्तानाखाली, रुमालात, पट्टी होती.

"मला नाही आठवत, ॲडमिरलसाहेब," लव्हिनिया म्हणाली. "दिव्याखाली मला दिसतच नाही ना."

टोपी डोक्यावर ठेवून ते पायऱ्या उतरून गेले. तिनं दार लावलं आणि पेटीचं झाकण खाली केलं.