काकूंचा परदेशी कोपरा

आमच्या काकू माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत रस्त्याकडेला वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून त्या पोत्यावर बसत. गिऱ्हाईक पुढे गेलं की हळूच म्हणायच्या, "तिचा घोटा पाह्यला का? ही पोरगी पडणार नाई." संध्याकाळी त्या आम्हा मुलींना कबड्डी शिकवत. लग्नापूर्वी स्वतः खेळायच्या. मग मैदान सुटलं, ते वीस वर्षांनी आमच्यासाठी त्यांनी पुन्हा धरलं.

एका वर्षी आर्वीची स्पर्धा महिन्यावर आली असताना आमच्यातल्या दोघी लग्न होऊन गेल्या. सात जणींशिवाय संघाचं नाव नोंदवता येत नव्हतं. "काकू, यंदा राहू द्या," मी म्हटलं. त्या येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी दोन परदेशी मुली त्यांच्याकडे मेथी घ्यायला आल्या. वर्ध्याला हिंदी शिकायला आलेल्या आणि आमच्याच गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या. मंगोलियाची सरनाई बुटकी, रुंद बांध्याची. टांझानियाची अमीना चांगली उंच. काकूंनी दोघींचे पाय निरखले आणि म्हणाल्या, "शाम को मैदान पे येजो." त्यांच्या पुस्तकातल्या हिंदीत 'येजो' नव्हतं, तरी त्या आल्या.

सरनाईच्या घरी सगळे कुस्ती खेळणारे. पहिल्याच दिवशी तिनं मला कमरेला धरून उचललं आणि अलगद रेषेबाहेर ठेवलं. काकूंनी त्याच संध्याकाळी बचावातला माझा डावा कोपरा तिला दिला आणि मला चढाईला घातलं. पाच वर्षं सांभाळलेली जागा गेली म्हणून मी दोन दिवस काकूंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"काऊन काकू? माह्यं काय चुकलं?"

"चुकलं काई नाई. तू कोपऱ्यात लपून राह्यली होती. कवापासून पाहून राह्यली मी."

ते खरं होतं, म्हणून मला रडू आलं. एकटीनं मध्यरेषा ओलांडायची मला भीती वाटायची आणि ती मी चांगल्या पकडीआड झाकून ठेवली होती. काकूंनी मला रडू दिलं, मग चढाईला पाठवलं.

आर्वीला दुसऱ्या संघाच्या माणसानं हरकत घेतली. स्पर्धा गावच्या संघांची, ह्या मुली बाहेरच्या. काकू पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाहेरच्या कशा? राहतात गावात, खातात माह्या वावरातली भाजी. मी बी लगन होऊनच आली ना गावात? मले तं कोणी बाहेरची म्हणत नाई." नियमात फक्त रहिवासी असं लिहिलं होतं. पंचांनी दोघींचा भाडेकरार पाहिला आणि खेळायची परवानगी दिली.

उपांत्य सामन्यात बरोबरी झाली आणि शेवटची चढाई माझ्या वाट्याला आली. मी काकूंकडे बघितलं. "जा," त्या म्हणाल्या. "वापस नाई आली तरी चालते. पण जा."

मी गेले. एकीच्या खांद्याला हात लागला, तोच दोघींनी माझे पाय धरले. मी तशीच परतीच्या दिशेनं कोसळले. मध्यरेषेपलीकडे माझी फक्त बोटं पोहोचली, पण तेवढी पुरली. अंतिम सामना मात्र आम्ही सपशेल हरलो. परतताना अमीना एसटीत हमसून रडत होती आणि काकू तिचं डोकं मांडीवर घेऊन शांत झोपल्या होत्या.

पुढच्या वर्षी दोघी आपापल्या देशी गेल्या. मी क्रीडाशिक्षिका झाले. मुलाखतीच्या दाराशी पाय अडखळले, तेव्हा काकूंचं ते "जा" ऐकू आलं आणि मी आत गेले. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलं. वांगे नेजो."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मी सरनाईला व्हिडिओ कॉल करून सांगितलं. तिनं फोन वळवला. खिडकीबाहेर बर्फ होतं. आत एका शाळेच्या खोलीत जाड गालिचा अंथरून तिकडच्या मुली कबड्डी खेळत होत्या. एकीनं चढाई केली आणि हातात हात गुंफलेल्या बाकीच्या एका सुरात ओरडल्या, "धर वं तिले!"

"त्यांच्या भाषेत का नाही शिकवत?" मी विचारलं.

सरनाईनं डोळे पुसले. "दुसऱ्या भाषेत," ती म्हणाली, "मले कबड्डी येतच नाई."