कॅमेऱ्यावरचं नाव

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, कॅमेरा विकला का नाहीस? एवढी चांगली किंमत येत होती." मी "नंतर सांगते" म्हणाले आणि विषय बदलला. तुमचे बाबा शेजारी बसले होते, आणि त्यांचा आधीच हिरमोड झालेला होता. शिवाय अशा गोष्टी मला फोनवर नीट सांगता येत नाहीत. तुम्हाला मराठी वाचता येतं, हळूहळू का होईना, म्हणून लिहिते आहे. आत्ताच लिहिण्याचं कारण हे की माझा बोदवडचा थोरला भाऊ या हिवाळ्यात गेला. या कॅमेऱ्याबद्दल सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी नाही.

कॅमेरा तुमच्या आजोबांचा. ते धुळ्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. अमळनेरच्या एका तेल गिरणीत यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. आजोबा त्याला दुभाषा म्हणून मदत करायला जात. मायदेशी परतताना त्याने आपला कॅमेरा आजोबांना विकला. त्या काळी आमच्या नात्यागोत्यात कोणाकडेच कॅमेरा नव्हता. त्यामुळे तो घरात आला तेव्हाच ठरून गेलं की तो एकट्या आमच्या घराचा राहणार नाही.

हे तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून समजावून सांगते. तेव्हा लग्नाची पंगत घरासमोर मांडव घालून व्हायची. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी शेकडो माणसांना वाढायची, तर एका घरची भांडी कशी पुरणार? गल्लीतली आणि भाऊबंदांची पातेली, पराती, बादल्या सगळी गोळा व्हायची. लग्न उरकलं की अंगणात भांड्यांचा ढीग पडायचा आणि ज्याने त्याने आपापलं नाव वाचून भांडं उचलायचं. म्हणून नवं भांडं घरात आलं की आधी त्यावर नाव घालायचं, मगच ते चुलीवर चढायचं. आमच्या भांड्यांवर सासऱ्यांची आद्याक्षरं आणि आडनाव होतं. अडचण एवढीच की चुलत सासऱ्यांची आद्याक्षरंही तीच. दर लग्नानंतर आमची एक तरी परात त्यांच्याकडे जायची आणि तिच्यावरून सहा महिने कुरबुर चालायची.

कॅमेराही असाच फिरणार होता. म्हणून आजोबा एका रविवारी तो घेऊन भांड्यांच्या बाजारात गेले. मला चप्पल घ्यायची होती, म्हणून मीही बरोबर होते. बाजाराच्या तोंडाशी भांड्यांवर नाव घालणारे एक चाचा बसायचे. छोटी छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन ते ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटवत. आजोबांनी कॅमेरा पुढे केला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ न्याहाळला. एका कडेला वरचा चकचकीत मुलामा थोडा उडाला होता. तिथे नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाले,

"ये तो अंदर से पीतल है, मास्तर. लोटा समझके करता मैं."

आजोबांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. चाचांनी ती मोठ्याने वाचली. त्यावर माझं नाव होतं, माझं माहेरचं नाव.

लग्नात मुलीचं नाव बदलायची आमच्यात रीत होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. माझंही बदललं. त्यात कोणाचा दोष नव्हता, तेव्हा बहुतेक सगळ्याच मुलींचं बदलायचं. पण त्या दिवसापासून धुळ्यात मला जुन्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. आजोबा तर मला कोणत्याच नावाने हाक मारत नसत. चारचौघांत "अगं" म्हणत, आणि वडीलधारी समोर असली तर नुसते खाकरत. आणि आता भर बाजारात एका परक्या माणसाने ते नाव खणखणीत आवाजात उच्चारलं होतं. मी समोरच्या दुकानातल्या घागरींकडे बघत उभी राहिले.

"ये किसका नाम?" चाचांनी विचारलं. आजोबांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

चाचांनी कॅमेरा मांडीवर जाड फडक्यात ठेवला आणि टक् टक् करत नाव घातलं. घरी आल्यावर सासूबाईंनी कॅमेरा हातात घेतला. त्यांना वाचता यायचं.

"हाई कोनं नाव शे रे?"

"वळखनी खून शे, माय. आपला भाऊबंदस्मा हाई नाव कोनंच नही."

"खून शे म्हने!" सासूबाईंनी शेजारच्या काकूंकडे पाहिलं. "बायकोनं नाव कोरी लयना, आन् माले सांगस खून शे!"

बायकोचं नाव कोरून आणलं म्हटल्यावर काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं. त्या विषयावर ते पुन्हा कधीही बोलले नाहीत, माझ्याशीसुद्धा नाही. त्यांनी खरंच ओळखीची खूण म्हणून ते नाव निवडलं की आणखी कशासाठी, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, दोन्ही असेल.

मात्र पदार्थविज्ञानाच्या मास्तरांच्या हातून एक चूक झाली. त्या कॅमेऱ्यात बघताना दोन प्रतिमा दिसतात. त्या एकीवर एक आणून जुळवल्या की फोटो स्पष्ट येतो. हातोडीच्या ठोक्यांनी आतला एक बारीकसा आरसा हलला. लोट्यात आरसा नसतो, आणि हे चाचांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून जवळचा फोटो धूसर यायचा, लांबचा मात्र चांगला. दुरुस्तीला मुंबईला पाठवायचं दर वर्षी ठरायचं, पण कोणाचं ना कोणाचं लग्न आलेलं असायचं. मग आजोबा सगळ्यांना "मागे सरका, अजून मागे" असं सांगत सुटायचे. आपल्या अल्बममध्ये सगळी माणसं एवढी लांब का उभी आहेत, असं तुम्ही मागे विचारलं होतं. त्याचं कारण हे.

कॅमेरा खूप फिरला. अमळनेरला गेला, पिंपळनेरला गेला, बोदवडला माझ्या भाच्यांच्या मुंजीला गेला. दर वेळी परत आला. परत घेऊन येणारा दारातूनच सांगायचा, "कॅमेरा आणलाय," आणि कॅमेऱ्याच्या आधी माझं नाव लावायचा. नात्यात त्याची ओळखच तशी झाली. माझ्या नावाने मला कोणी ओळखत नव्हतं, कॅमेऱ्याला मात्र सगळे ओळखत होते.

आता विक्रीचं सांगते. तुमच्या बाबांनी नेटवर पाहिलं की असे जुने फिल्म कॅमेरे लोक हौसेने जमवतात आणि चांगले पैसे मोजतात. त्या पैशांतून माझ्या खोलीला एसी बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. इथला, जळगावचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या मनात माझी काळजी होती, हे मी विसरलेली नाही. त्यांनीच नाशिकच्या एका संग्राहकांना माझा पत्ता दिला. गृहस्थ सभ्य होते. बूट बाहेर काढून आत आले, टेबलावर मऊ कापड पसरलं आणि भिंग लावून कॅमेरा चहूबाजूंनी तपासला.

"वस्तू अस्सल आहे, आजी. पण हे वर नाव कोणाचं? कोणी मोठ्या व्यक्ती होत्या का? गायिका, पुढारी वगैरे?"

"का हो?"

"नावावर किंमत फिरते. कारखान्यातूनच कोरून आलेलं असेल, सैन्याचं असेल किंवा प्रसिद्ध माणसाचं असेल, तर भाव वाढतो. तसल्या कॅमेऱ्यांसाठी लोक भांडतात."

"आणि साध्या माणसाचं असेल तर?"

"तर निम्म्यावर येतो. घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव हातात नको असतं."

"मग हे साधंच आहे," मी म्हटलं.

ते म्हणाले, काही हरकत नाही. वरचा पत्रा सुटा करून घासता येतो, त्यावर पुन्हा मुलामा चढवता येतो, कोणाला कळणारही नाही. तेवढी परवानगी दिली तर ते पूर्ण किंमत द्यायला तयार होते. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "दारावरच्या पाटीवर वेगळं नाव आहे. या तुमच्या नणंद का?"

"नाही. मीच."

त्यांनी कप बशीत ठेवला. "सॉरी, आजी. मला कल्पना नव्हती."

"तुम्हाला कशी असणार?"

रात्री तुमच्या बाबांशी बोलले. ते म्हणाले, "आई, घासू दे गं. कोणाचं होतं ते आपल्याला माहीत आहे ना?" मला त्यांचं म्हणणं पटलं. माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर ते नाव आहेच, असंही मी स्वतःला समजावलं. संग्राहकांना होकार कळवला. पुढच्या रविवारी ते कॅमेरा न्यायला येणार होते.

मधल्या दिवसांत पिंपळनेरहून भाचीचा फोन आला, म्हणजे आजोबांच्या बहिणीच्या मुलीचा. आता तीही सत्तरीकडे झुकली आहे. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं.

"मामी, तो कॅमेरा शे का अजून तुमच्याकडे?" आणि तिने कॅमेऱ्याआधी माझं नाव घेतलं. "पोरं म्हणताहेत, रोलवर फोटो काढायचे. आता फॅशन आली ना परत!"

भाऊ गेल्यापासून ते नाव माझ्या कानांवर पडलं नव्हतं. मला त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस तोच होता.

"मामी, आहात ना?"

"आहे. तुला हे नाव कसं गं आठवलं?"

"म्हणजे काय? कंपनीचं नाव ना ते? माझी आई नेहमी म्हणायची, त्या कंपनीसारखा कॅमेरा पुन्हा झाला नाही."

मी हसले, आणि मग मला थोडा वेळ फोन बाजूला ठेवावा लागला. नंतर तिला सांगितलं की ती कंपनी बोदवडची, आणि कंपनी अजून जिवंत आहे. तिला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ती म्हणाली, "अगं बाई! मग तर तुम्हीच घेऊन या कॅमेरा."

मी संग्राहकांना फोन करून व्यवहार मोडला. दिलेला शब्द फिरवणं मला आवडत नाही, तसं त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "आजी, नावासकट घेतो, निम्म्या किमतीला. घासणार नाही." मी विचार केला. नाव राहिलं असतं, पण नाशिकला काचेच्या कपाटात, वस्तूतली खोट म्हणून. त्यांना नाही म्हटलं. तुमच्या बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यंदाही कूलरच का?" हो, कूलरच.

लग्नाला मला जाता आलं नाही. गुडघ्यांना एसटीचा एवढा प्रवास झेपत नाही. कॅमेरा मात्र भाचीचा जावई येऊन घेऊन गेला, आणि लग्नानंतर तिनेच तो परत पाठवला. फोटो तुम्हाला पाठवीन. सगळे लांब उभे आहेत. भाचीने त्यांना मागे सरकायला लावलं असणार.

ते नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. याल तेव्हा कॅमेरा हातात घ्या आणि तुमचे तुम्हीच वाचा. तुमच्यापैकी कोणाला तो न्यायचा असेल तर न्या, पण आपल्याकडे चालत आलेल्या रीतीने. म्हणजे वापरायचा आणि दुसऱ्याला लागला की द्यायचा.

कॅमेरा माझ्या कपाटात मधल्या कप्प्यात आहे. कातडी पट्टा तुटला आहे, तिथे सुती नाडी बांधली आहे. शटर चालतं. जवळचं धूसर येतं, लांबचं स्पष्ट येतं. वरचा मुलामा बराच उडाला आहे आणि आतलं पितळ दिसतं. नाव पूर्ण वाचता येतं.