हललेल्यांचा डबा

माझ्या सासऱ्यांनी छत्तीस वर्षं गावातल्या एकुलत्या एक इस्पितळात एक्सरे काढले. त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. आत एक लोखंडी टेबल, एक उभी फळी आणि आडोशाच्या भिंतीला काचेची छोटी खिडकी. खिडकीमागे सासरे. माणूस आत आला की ते त्याला फळीला छाती टेकवून उभं करायचे, खिडकीमागे जायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. धरा. हलू नका." मग खट्ट आवाज. मग, "सोडा." दिवसातून चाळीस वेळा हेच. त्यामुळे गावात त्यांचं नाव श्वासधरे पडलं. नव्याने बदली होऊन आलेल्या बँक मॅनेजरला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याच नावाने धाडली. सासरे लग्नाला गेले. नाव चुकलं असलं तरी जेवण चुकलेलं नव्हतं, असं ते सांगतात.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना एक मूव्ही कॅमेरा मिळाला. इस्पितळातले एक जुने डॉक्टर गाव सोडून जाताना सामान बांधत होते, ट्रंकेचं झाकण लागेना, म्हणून त्यांनी वरची वस्तू काढून सासऱ्यांच्या हातात दिली. चावीचा कॅमेरा होता. एक रीळ चार मिनिटांचं, धुवायला टपालाने पाठवायचं, तीन आठवड्यांनी परत यायचं. आणि एक्सरेवाला माणूस फिल्म वाया घालवत नाही. त्यामुळे सासरे माणसाला त्याच्या दुकानासमोर नीट उभं करायचे, हनुवटी हाताने वर करायचे, चावी भरायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. धरा. हलू नका."

हलणारी चित्रं काढायचं यंत्र हातात घेऊन हा माणूस दहा वर्षं गावभर लोकांना हलू नका सांगत फिरला. आणि लोक हलले नाहीत. अर्ध्या गावाने तो आवाज काचेमागून ऐकलेला होता, आणि हललं की पुन्हा कपडे उतरवावे लागतात हे त्यांना माहीत होतं.

ही रिळं माळ्यावर आहेत हे मला लग्नानंतर आठवडाभरात कळलं होतं. बघायची इच्छा सतरा वर्षांत एकदाही झाली नाही. झाली ती या वर्षी, बारकीच्या पायामुळे.

बारकी म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची. चालताना तिचा डावा पाय किंचित आत वळतो आणि टाच जराशी उशिरा टेकते. मला ते शाळेच्या मैदानावर दिसलं. आधी मी बूट बदलले. मग फरशी बदलून पाहिली, म्हणजे तिला वेगवेगळ्या खोल्यांतून चालवलं. नवरा म्हणाला, "तू तिच्या पायाकडे इतकी बघतेस की उद्या तो लाजून बाहेर वळेल." मी तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, हातोडीने गुडघे ठोकले आणि विचारलं, "घरात अशी चाल कुणाची होती का?"

"का?"

"असली, आणि वाढत गेली नसली, तर ती घराण्याची चाल. मग आपण घाई करत नाही. नसली तर पोटरीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासू. भूल द्यावी लागेल."

दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरला.

माझ्या माहेरी मी सगळ्यांना फोन केले. आई म्हणाली, "आमच्याकडे सगळे सरळ चालतात. वाकडं काही असेल तर ते तुझ्या सासरचं," आणि फोन ठेवला. नवऱ्याला मी व्हरांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या. सरळ. सासरे काठी घेऊन चालतात, पण सरळ. उरल्या सासूबाई. नवरा चार वर्षांचा असताना त्या छातीच्या आजाराने गेल्या, एकोणतिसाव्या वर्षी. नवऱ्याला विचारलं तर तो बराच वेळ आठवत बसला. "माझ्या डोळ्यांसमोर ती उभीच आहे," तो म्हणाला. "चालताना नाही."

मी सासऱ्यांकडे गेले.

"बाबा, आई चालायच्या कशा?"

"पायांनी."

"तसं नाही हो. डावा पाय आत वळायचा का?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तिचा पाय कधी मोडला नाही. मोडला असता तर सांगितलं असतं. तिची छाती तेवढी मला माहीत आहे."

तर माळ्यावरून रिळं उतरली. एकोणीस भरली. प्रोजेक्टरचा पट्टा तुटला होता, तिथे नवऱ्याने सायकलच्या ट्यूबचं कडं कापून बसवलं. रविवारी दुपारी आम्ही खिडक्यांना चादरी लावल्या आणि बैठकीच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसलो. सासरे खुर्चीत, बारकी जमिनीवर, मी भिंतीच्या अगदी जवळ.

पहिल्या रिळात पाववाला आपल्या दुकानासमोर उभा होता. छाती फुगलेली, डोळे विस्फारलेले. वीस सेकंद. मागे दुकानाचा पडदा वाऱ्यावर हलत होता, पाववाला नाही. मग न्हावी, हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थांबलेला, गिऱ्हाईकही थांबलेलं, अर्थात त्याला दुसरा इलाज नव्हता. मग टपालकचेरीच्या पायऱ्यांवर सहा जण, सगळ्यांनी श्वास धरलेला. एक कुत्रा उजवीकडून आला, सगळ्यांना हुंगून डावीकडे गेला. सगळ्या रिळात अभिनय केला तो त्यानेच.

"हे कोण हो बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"डावं मनगट. दोनदा."

"आणि ही बाई?"

"मुतखडा. नवरा चांगला होता तिचा. बरगड्या."

बारकी लोळून हसत होती. मी हसले नाही, मी पाय बघत होते, आणि पाय कुणाचे हलतच नव्हते. सासूबाई सातव्या रिळात आल्या. दाराच्या चौकटीत, दोन्ही हात पदरात, उभ्या. नवव्या रिळात नळाशी, उभ्या. बाराव्यात नवऱ्याला कडेवर घेऊन, दोघेही गाल फुगवून. प्रत्येक वेळी त्यांच्या ओठांवरून कळायचं की आता त्या श्वास सोडणार, काहीतरी बोलणार, वळणार, आणि नेमकं तिथेच चित्र संपायचं. "सोडा" म्हणताना सासरे बटणावरचं बोटही सोडायचे.

एकोणिसावं रीळ संपलं. भिंत पांढरी झाली. चादरी काढायला कुणी उठलं नाही.

"बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला हे मला कळत होतं, "इतक्या वर्षांत ती बाई एकदाही हलली नाही?"

"हलली ना. हललेलं मी कापायचो."

"कापून फेकायचात?"

"फेकेन कसा?" त्यांना हे लागलं. "हललेली प्लेट फेकायची नसते. वेगळी ठेवायची, का हलली ते लिहायचं, महिनाअखेर साहेबांना दाखवायची. नियम होता."

"फिल्मलाही?"

"फिल्मला साहेब नव्हता. म्हणून डब्यात आहे."

डबा बिस्किटांचा होता, त्यांच्या पलंगाखाली, बुटांच्या मागे. आत बोटाएवढ्या गुंडाळ्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि कारण. खोकला. माशी. हसू. हसू. कुत्रा आडवा. शिंक. हसू. दूध उतू गेलं. मी विचारेपर्यंत इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला माहीत नव्हतं. एवढंच.

सोमवार आणि मंगळवार सासऱ्यांनी टेबलाशी बसून ते तुकडे तारखेनुसार सांधले. चष्म्यावर भिंग, हाताला कंप नाही. मी दर तासाला चहा नेऊन किती झालं ते विचारत होते. चौथ्या चहाला ते म्हणाले, "अगं, तू अशी वर उभी राहिलीस की माझा हात हलतो."

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा चादरी लावल्या.

गाव हललं. पाववाला हसला तर त्याला समोरचे दोन दात नव्हते. न्हाव्याने माशी मारली, गिऱ्हाइकाच्या टकलावरची. टपालकचेरीतला सगळ्यात जाडा माणूस शिंकला आणि बाकीचे पाच जण पायऱ्या उतरून त्याला मारायला धावले, कारण आता पुन्हा उभं राहावं लागणार होतं. बारकीने विचारलं, "हीच का ती माणसं?"

मग सासूबाई. चिठ्ठी "हसू", लग्नानंतरचा दुसरा महिना. चौकटीत उभ्या होत्या. गाल थरथरले, मग त्या फस्सकन हसल्या, तोंडावर पदर घेतला आणि वळून आत गेल्या. पाच पावलं. डावा पाय आत. टाच उशिरा.

ही चाल पुढे वाढत गेली का, हेही मला बघायचं होतं.

शेवटचा तुकडा सहा वर्षांनंतरचा, त्या जायच्या चार महिने आधीचा. "दूध उतू गेलं." त्याच चौकटीत त्यांनी श्वास धरला, एकदम मागे बघितलं आणि आत पळाल्या. कॅमेरा तिथेच, रिकाम्या दारावर. सासऱ्यांनी तो बंद केला नव्हता, ती परत येऊन उभी राहील याची त्यांना खात्री असावी. आणि त्या आल्या. हातात फडकं, कपाळावर केस, स्वयंपाकघराच्या टोकापासून चौकटीपर्यंत, आठ पावलं, थेट आमच्याकडे चालत. जागेवर उभ्या राहिल्या, छाती फुगवली, स्थिर झाल्या.

डावा पाय आत. टाच उशिरा. तितकीच.

नवऱ्याने पट्टी मागे घेतली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. त्याचं वय अठ्ठेचाळीस आहे. तिसऱ्यांदा तो एवढंच म्हणाला, "भराभर चालायची."

"डावा," सासरे म्हणाले. "आत आहे."

"तुम्हाला कधी दिसलं नाही, बाबा?"

"मी कुठून कापायचं ते बघत होतो."

बुधवारी मी फोनवर घेतलेले ते दोन्ही तुकडे आणि त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तीनदा पाहिलं, तारखा वाचल्या, "दूध उतू गेलं" वाचून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सहा वर्षांत फरक नाही. उद्याचं रद्द करू. दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

मला तेवढ्यावर उठता आलं नाही. "पण त्या एकोणतिसाव्या वर्षी गेल्या. पुढे वाढलं असतं तर?"

"ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. म्हणून तर दर सहा महिन्यांनी म्हणते आहे."

घरी आले तेव्हा सासरे दाराशीच खुर्ची घेऊन बसले होते.

"तुकडा काढणार?"

"नाही."

"बरं."

मी चपला काढल्या. बरोबर नेलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या नीट जुळवून खिशात ठेवल्या आणि काठीकडे बघत म्हणाले, "शेवटचा एक्सरे तिचा मीच काढला. खोकला इतका होता की साहेब म्हणाले, हिचं काही नीट यायचं नाही. मी हलू नको म्हटलं. नाही हलली. प्लेट इतकी स्वच्छ आली की साहेबांनी नव्या पोरांना दाखवायला ठेवून घेतली."

मी पाणी आणायला आत गेले.

परत आले तर त्यांनी बारकीला हाक मारली होती. "इथून फाटकापर्यंत जा आणि ये."

ती गेली आणि आली. पाय आत, टाच उशिरा. सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"परत."

ती गेली, आली. शेजारीण कुंपणावरून बघायला लागली. मी पाण्याचा तांब्या धरून दारात उभी होते. बारकीने पाचव्या फेरीला विचारलं, "आजोबा, अजून किती?"

"पाय दुखतो?"

"नाही."

"मग चाल."