खुर्चीमागे उभे राहणारे भाई

कुणाबद्दल त्याच्या पाठीमागे बोलणं सुरू झालं की भाई उठून उभे राहायचे. हातात चहाचा कप असला तर तो आधी खाली ठेवायचे, खुर्ची मागे सरकवायचे आणि म्हणायचे, "थांब जरा. तो इथे नाय. मी त्याच्या जागी उभा राहतो. हां, आता बोल काय ते."

आता तुम्हीच सांगा, पांढऱ्या दाढीचा उंच माणूस समोर उभा राहून शांतपणे आपल्या तोंडाकडे बघत असताना चहाडी करायची तरी कशी? बोलणारा "तसं काही नाही हो भाई" म्हणत गाडी भज्यांवर आणायचा. मग भाई बसायचे आणि कप उचलायचे. चहा तोवर गार झालेला असायचा. गार चहा पिण्यातच यांची हयात गेली, असं मी त्यांना चिडवायचे.

मीही काही कमी नाही. मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या शाळेत मी शिकवते आणि पालकांबद्दल मला बोलण्यासारखं बरंच असतं. एकदा घरी भाई आलेले असताना मी एका पालकबाईंवर घसरले. माझी मुलगी आतून ओरडली, "आई, भाई अंकल उभे राहिले. यू बेटर स्टॉप." मी गप्प झाले. भाई हसले आणि बसले, पण मला पूर्ण गप्प झालेली बघूनच बसले.

भाई मूळचे श्रीवर्धनकडचे. मिसरूड फुटायच्या वयात ओमानला आले आणि मस्कतजवळच्या बरका गावी गोठवलेल्या मासे-मटणाच्या एका कंपनीत कोल्ड स्टोअर सांभाळायला लागले. सुट्टी लागली की बरक्याच्या बाजारातली सुरमई पिशवीत घेऊन ते मस्कतला येत आणि थेट आमच्या मराठी मंडळाच्या कोठीत शिरत. मंडळाची भांडीकुंडी, गणपतीचं मखर, रवा, साखर, तूप असं सगळं त्या कोठीत असे आणि तिची किल्ली भाईंच्या जुडग्यात. उकडीच्या पिठात कोणता तांदूळ चालत नाही हे हा मुसलमान गृहस्थ आमच्या पुणेरी बायकांना सांगे आणि त्या मुकाट ऐकत. कुणाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. निदान तेव्हा तरी वाटलं नाही.

आता आमच्या मंडळाच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

परदेशात आपल्या माणसांची आपापसांत भांडणं कमी नसतात. एक फ्लॅट दोन कुटुंबांनी वाटून घेतला आणि बिनसलं, दोघांनी मिळून धंदा काढला आणि फाटलं. प्रत्येक वेळी पोलिसात कोण जाणार? म्हणून मंडळाचा एक लवाद असतो. तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं. आमच्या छोट्याशा जगातलं हेच सर्वोच्च न्यायालय, त्यामुळे त्या पदाला मान मोठा. नाव कार्यकारिणी सुचवते, पण मंजुरी सर्वसाधारण सभेची लागते, आणि तीही दरवर्षी. सभेत उमेदवाराला सगळ्यांसमोर एका खुर्चीवर बसवतात. त्याने एक अक्षरही बोलायचं नाही. कुणीही उठून त्याच्याबद्दल काहीही विचारावं, उत्तर द्यायचं ते त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभ्या राहिलेल्या माणसाने. त्याला आम्ही जामीन म्हणतो. स्वतःची बाजू स्वतः मांडायची नाही, आपल्यासाठी बोलणारा एक तरी माणूस आपण जोडलेला असावा, असा जुन्या लोकांचा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. माणसं तेवढी चांगली राहिली नाहीत.

त्या वर्षी कार्यकारिणीने एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. त्या इथल्या एका वकिली फर्ममध्ये सल्लागार होत्या. कमी बोलायच्या, वेळेवर यायच्या आणि कार्यक्रम संपला की निघून जायच्या. हळदीकुंकवाला फोटो काढताना त्या कधी मधे घुसल्या नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. जामीन राहायला कुणी तयार होईना. हॉलच्या मागच्या दारातून, हाताला बेसन लागलेलं, तसेच भाई पुढे आले. "मी आहे उभा," म्हणाले आणि हात पुसून खुर्चीमागे गेले.

आमचे एक माजी अध्यक्ष आहेत. त्यांना लवादाच्या जागी आपला माणूस हवा होता, हे हॉलमधल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. ते उठले, कोट सारखा केला आणि सुरू झाले. "या बाईंनी आजवर कामं कुणाची केली? कंपन्यांची. आपल्या माणसांना नोकरीवरून काढणाऱ्या कंपन्यांची. पैसे घेऊन गरिबांच्या पोटावर पाय दिला. उद्या एखादा आपला ड्रायव्हर यांच्यापुढे आला, तर त्याने न्यायाची काय अपेक्षा करायची?"

टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरची मोलकरीण पगार मागितल्यावर विमानात बसवली जाते, त्यांनीही गरिबांसाठी टाळ्या वाजवल्या. मी बघत होते.

"आणि गंमत बघा," माजी अध्यक्ष पुढे म्हणाले, "यांचा जामीन कोण, तर आपले भाई. भाई, बरक्याच्या कंपनीने तुम्हाला काढलं, तेव्हा लेबर ऑफिसात कंपनीतर्फे कोण बसलं होतं, हे सांगता का जरा सगळ्यांना?"

भाईंनी बरक्याची नोकरी सोडून पुढे सहम गावी दुसरी धरली एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांना काढलं होतं हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"हीच बसली होती," भाई म्हणाले. "माझ्या समोर."

वकीलबाईंनी मान वळवून मागे पाहिलं आणि नको अशा अर्थाने ती हलवली. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. आणि असती तरी आपल्या अशिलाचं बोलणं त्यांनी तोंडातून काढलं नसतं.

भाईंनी खुर्चीवरचा हात काढला नाही. "ईदच्या सुट्टीत कोल्ड स्टोअरचं दार नीट लागलं नव्हतं. माल सडला. सडलेला माल फेकायच्या वेळी तो कमी भरला. कंपनीचा साहेब म्हणाला, यानेच बाहेर विकला. लेबर ऑफिसात माझ्या तोंडावर साहेबाने हिला सांगितलं, लिही, हा चोर आहे. ही म्हणाली, दार बघणं यांचं काम होतं, ते यांनी केलं नाय, तेवढं लिहिते. विकल्याचा पुरावा माझ्याकडे नाय, ते लिहिणार नाय. साहेब अरबीत लय बोलला. त्याला वाटलं मला कळत नाय. तुमच्या फर्मचं काम बंद करीन म्हणाला. ही म्हणाली, करा."

भाईंनी दुसरा हातही खुर्चीवर ठेवला.

"दार मी बघितलं नव्हतं, हे खरं. घरी जायची घाई झाली होती. नोकरी गेली ती माझ्या चुकीने. पण चोराचा शिक्का लागला असता, तर सहमलाच काय, या देशात मला कुणी दारात उभा केला नसता. ही माझी कोण लागत होती? माझ्याविरुद्ध बसायचे पैसे घेतले होते हिने. तरी माझ्याबद्दल खोटं बोलली नाय. मग कुणाच्याच बाजूने नसताना बोलेल काय? आणखी विचारा काय विचारायचं ते. मी उभा आहे."

माजी अध्यक्ष खाली बसले. हात वर झाले आणि वकीलबाईंचं नाव मंजूर झालं. मला वाटलं, चला, आमचं मंडळ अजून शाबूत आहे. भाई पुन्हा कोठीत गेले, कारण भजी राहिली होती.

मी किती भोळी, ते मला पुढच्या आठवड्यातच कळलं.

त्या सभेतून लोकांनी घरी नेला तो एकच शब्द, चोर. वकीलबाई कशा वागल्या हे कुणाला आठवलं नाही, स्वतःची अब्रू पणाला लावून भाई का बोलले हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. "कंपनी उगाच कशाला म्हणेल?" असं एक बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. कुणी म्हणालं, पुरावा नव्हता म्हणजे केलं नव्हतं असं थोडंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोठीतल्या तुपाचा विषय निघाला. काहींना भाईंचं आडनाव अचानक आठवलं. इतकी वर्षं ज्यांच्या हातचे मोदक मिटक्या मारत खाल्ले, त्यांच्याबद्दल हे. मला आजही राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

गणपतीच्या आधी कार्यकारिणीचे दोघे जण कोठीत भाईंकडे आले. नवीन लोकांना संधी द्यायची आहे, म्हणाले. कोठीची किल्ली हवी होती. मी तिथेच नारळ मोजून घेत होते. भाईंनी जुडग्यातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि दिली. "माळ्यावरचा मोठा टोप गळतो," ते म्हणाले. "त्यात खीर करू नका."

ते दोघे गेल्यावर मी भडकले. "भाई, तुम्ही गप्प का बसलात? उभ्या जगासाठी उभे राहता, मग आज काय झालं?"

"टीचर," भाई मला समजावत म्हणाले, "माणसाने स्वतःचा जामीन कसा राहायचा? रीत नाय तशी."

मी कार्यकारिणीकडे गेले आणि आवाज चढवला. "तुम्ही फार भावनिक होताय, टीचर," असं मला हसून सांगण्यात आलं. भाईंवर कुणी कसला आरोपच केलेला नाही, तर मग खुलासा कशाचा मागता? हा त्यांचा मुद्दा. बघा कशी सोय असते. आरोप केला तर सिद्ध करावा लागतो, आणि नुसती किल्ली मागितली की काम भागतं.

वकीलबाई भाईंच्या घरी गेल्या होत्या, हे मला भाईंनीच सांगितलं. लवादाला आपणहून कशात पडता येत नाही, कुणी तक्रार केली तरच बोलता येतं. तुम्ही तक्रार करा, मी सगळ्यांना बोलावते, असं त्या म्हणत होत्या. भाईंनी त्यांना चहा पाजला. "तू माझ्यासाठी आधीच एकदा काम घालवलंस," म्हणाले. "आता खलास."

सहमच्या कंपनीचा करार संपला तसे भाई कायमचे श्रीवर्धनला गेले. निरोपसमारंभ झाला नाही. एरवी कुणी बंगळूरला बदलून गेला तरी आम्ही केक कापतो. भाई जायच्या आधी एकदा घरी आले आणि सुरमई देऊन गेले. मी कुणाबद्दल तरी रागाने बोलायला लागले, त्यावर ते उभेही राहिले. उभे राहिले ते तसेच निघाले.

यंदाची सभा झाली. लवादाच्या मंजुरीचा विषय आला. वकीलबाईंनी वर्षभर चोख काम केलं होतं, भांडणारे दोन्ही पक्ष त्यांच्याकडून चहा पिऊन बाहेर पडत, त्यामुळे विरोध असा नव्हताच. माजी अध्यक्षसुद्धा प्रसन्न दिसत होते. सचिवांनी खुर्ची पुढे आणून ठेवली आणि विचारलं, "जामीन कोण?"

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात वकीलबाई स्वतःच पुढे आल्या. पण त्या खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्चीला वळसा घालून मागे गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही बसायचं आहे," सचिव म्हणाले.

"माझं नाव यंदा बाजूला राहू द्या," त्या म्हणाल्या. या हॉलमध्ये त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "ही खुर्ची भाईंची. ते इथे नाहीत, म्हणून मी त्यांच्या जागी उभी आहे. वर्षभर त्यांच्याबद्दल जे बोलणं चाललं होतं, ते आता बोला. ज्याला जे विचारायचं ते विचारा."

सचिवांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी विषयपत्रिकेकडे पाहिलं. लिफ्टमधल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. माजी अध्यक्षांनी कोट सारखा केला, पण ते उठले नाहीत. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, फोनवर ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं, त्यांच्यातल्या एकालाही रिकाम्या खुर्चीला विचारण्याजोगा प्रश्न सुचला नाही.

मागे कुणाच्या तरी कपात चहा गार होत होता. वकीलबाईंचा हात खुर्चीवर होता आणि त्या एकेकाच्या तोंडाकडे शांतपणे बघत होत्या.