मसणातल्या देवाचा निवद

दादा गेला आणि त्याच्या मागोमाग वहिनीही जाते की काय, या धास्तीने मी पार थकून गेलो होतो. हिंगणीच्या त्यांच्या घरात सुतक, देवघराचं दार लावलेलं. वहिनीचा जन्माचा नेम असा, की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. सुतकात नैवेद्य चालत नाही, देवळातला प्रसादही घेता येत नाही. शेजारणी पिठलं-भाकरी आणत, ताट तसंच परत जाई. ती नुसत्या पाण्यावर होती. डॉक्टरांनी दटावलं, मी पाया पडलो. ती एवढंच म्हणे, "भाऊजी, देव उपाशी हाय. मी कशी जेवू?" मला त्या देवाचा मनापासून राग आला होता.

एका दुपारी घर खायला उठलं, म्हणून मी जंगलाच्या बाजूला चालत सुटलो. तिथे जुन्या शिळांची वर्तुळं आहेत. मी आर्वीचा इतिहासाचा मास्तर. सहलीला आणलेल्या पोरांना दरवर्षी सांगतो, की फार प्राचीन काळी लोकांनी आपली मेलेली माणसं इथे पुरली, सोबत मडकी ठेवली, भोवती दगड मांडले. मला ते सगळं तोंडपाठ. त्यातल्याच एका दगडाला टेकून बसलो आणि पोटभर रडलो.

तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी झाकलेलं ताट घेऊन आली आणि माझ्याच दगडापुढे थांबली. पाहतो तर दगडाच्या पलीकडच्या अंगाला शेंदूर. मी दचकून उठलो. म्हटलं, "माय, मले सुतक हाय. तुमचा देव बाटवला मी."

"बस न, भाऊ," ती म्हणाली. "हा मसणातला देव हाय. मेलेल्या माणसाइच्या मधातच बसून राह्यला. याले कायचं सुतक?"

मग मी तिला वहिनीचं सगळं सांगितलं. तिने दगडाला निवद दाखवला, हात जोडले, आणि त्यातली भाकर-भाजी फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. "देव जेवला म्हणून सांगजो तिले."

मी घरी येऊन वहिनीला तसंच सांगितलं, या देवाला सुतक नसतं हेही. तिने फडकं सोडलं. भाकर कपाळाला लावली, तुकडा मोडला, आणि घास गिळता गिळता दादासाठी मोकळेपणी रडली.

ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. कोण होती, याचा कीस मी काढत नाही. त्या दगडांपाशी किती माणसं अशीच रडली असतील. त्यांनाही कुणीतरी घास भरवला असेल, म्हणून तर आपण आहोत. आता थकलो की देवाला जाब विचारत नाही. पुढ्यात येईल तो घास कपाळाला लावतो आणि खातो.